डोंगराआडचे ऊन

नॉर्वेतील रियुकान हे गाव पूर्व-पश्चिम पसरलेल्या अरुंद दरीच्या तळाशी आहे. दक्षिणेकडील डोंगरांमुळे सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे ऊन उतरत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो.

अशा जागी हजारो माणसे आली ती धबधब्यामुळे. सॅम आयडे यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो कंपनी स्थापन झाली. हवेतील नायट्रोजनपासून खत बनवायला प्रचंड वीज लागे, म्हणून कारखानाच पाण्यापाशी आला. १९११ मध्ये सुरू झालेले वेमॉर्क वीजकेंद्र त्या काळी जगात सर्वांत मोठे होते.

माणूस हवामान पाहून घर निवडतो, हे इथे फारसे लागू पडत नाही. कामगारांनी रोजगार निवडला आणि सावली पदरात पडली. तीही सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. उत्तरेकडील उतारावर ऊन जास्त टिकते. वरिष्ठ अधिकाऱ्यांची घरे तिथे वर आणि कामगारांची खाली. पगाराची उतरंड उन्हाच्या वाटणीतही उतरावी, हे शंभर वर्षांनंतरही बोचते. दिवसभर भट्टीशी राबणाऱ्याला ऊन अधिक हवे की कागदपत्रे पाहणाऱ्याला? उजेडावर शरीराचे झोप-जागेचे चक्र चालते. तो कमी पडला की हिवाळ्यात काहींना उदासी घेरते. नव्या वस्त्या आखताना उन्हाचा हिशेब पाण्याइतकाच आधी मांडायला हवा.

डोंगरावर आरसे लावून गावात ऊन आणण्याची कल्पना एका हिशेबनिसाने १९१३ मध्येच मांडली होती. ती तेव्हा साधली नाही. १९२८ मध्ये कंपनीने क्रोस्सोबानेन हा रोपवे बांधला, त्यातून लोक हिवाळ्यात वर जाऊन ऊन घेऊ लागले. घर सावलीतच ठेवून दिलेली ही सवलत अपुरीच. पण कामगारांच्या उन्हासाठी एवढा खर्च करणारे मालक तरी किती होते?

अखेर २०१३ मध्ये कलाकार मार्टिन आंडर्सन यांच्या प्रयत्नांतून तीन मोठे आरसे गावाच्या सुमारे ४५० मीटर वर बसले. खर्चावरून गावात विरोधही झाला. संगणकाच्या आज्ञेने आरसे सूर्यामागे फिरतात आणि चौकाच्या सुमारे ६०० चौरस मीटर भागावर प्रकाश पाडतात. इटलीतील विगानेल्ला गावाने असा आरसा २००६ मध्येच बसवला होता. रियुकानची तळाकडची घरे मात्र हिवाळाभर सावलीतच असतात. आरशांचा उजेड चौकापुरताच असतो, तोही आकाश निरभ्र असेल तेव्हाच.