पणजी : सहलीपलीकडची

विश्रामबागेत आमच्याकडे मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की पुणे, फार तर बंगळूर. पणजीचं नाव कुणी घेत नाही. ते सहलीचं गाव. आमची थोरली विलिंग्डनमध्ये प्राणिशास्त्र शिकली, एम.एस्सी. झाली आणि आता समुद्री जीवांवर पीएच.डी. करायची म्हणते. तेव्हा आम्ही दोघं तिला घेऊन मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निघालो आणि पणजी बिऱ्हाड करायच्या नजरेनं पाहून आलो.

मांडवीकाठी आदिलशहाचा राजवाडा उभा आहे. आपली मिरजही कधीकाळी त्याच विजापूरच्या अमलाखाली होती, त्यामुळे शहर अगदीच परकं वाटेना. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. त्यांच्या कारभाराची दफ्तरं सांभाळणारा पुराभिलेख विभाग १५९५ पासूनचा आणि मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. इतिहासाच्या अभ्यासकाला इथे आयुष्य पुरायचं नाही, पण पोर्तुगीज शिकावी लागेल.

आमचं काम दोना पावलाला होतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथे टेकडीवर आहे, स्थापना १ जानेवारी १९६६. पाणी, गाळ, मासे, प्रवाळ, किनाऱ्याची धूप असे नाना विषय, आणि संस्थेची स्वतःची संशोधन जहाजं. जवळच ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, खाडीपलीकडे वास्कोत ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. एका विषयाची इतकी माणसं इतक्या जवळ असणं, हीच आमच्या मते पणजीची खरी कमाई.

या संस्थेचे एक संचालक होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अंटार्क्टिकावरची भारताची पहिली मोहीम त्यांनीच नेली. ६ डिसेंबर १९८१ ला जहाज गोव्याहूनच सुटलं. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक असेल? लेकीला मात्र जास्त भावल्या त्या इथल्याच संशोधक अदिती पंत. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक, आणि औंधच्या पंत घराण्यातल्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या.

आता पैशांचं. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, शिवाय घरभाडं. मुदत एकंदर पाच वर्षं. फेलोशिप नसेल तर प्रकल्पावर नेमणूक मिळू शकते, पण ती प्रकल्प संपेपर्यंतच. तेवढ्या भरवशावर घर हलवू नये, असं आमचं मत.

खोली शोधताना घाम निघाला. पर्यटकांकडून दिवसाचं भाडं मिळत असताना वर्षभराचा भाडेकरू कोणाला हवा? एका ठिकाणी आमचं नाव विचारल्यावर खोली 'आत्ताच गेली'. दुसरीकडे एका बाईंनी चहा पाजला, मुलीची चौकशी केली, वर स्वयंपाकाची मोकळीकही दिली. बोलणं सगळं मराठीत झालं. शहरात जामा मशीद आहे, हलाल मटणाची अडचण नाही. मात्र दोना पावलाहून रोज बसनं यायचं तर संध्याकाळची शेवटची बस विचारून ठेवावी. पहिलं वर्ष वसतिगृहच बरं.

घरी दादी अजून राजी नाहीत. पगार, खोली, बस यांतलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पोरगी जहाजावर गेली की किती दिवस फोन लागणार नाही, एवढंच त्यांना हवं आहे. लेकीनं ते विचारायला संस्थेतल्या एका सीनिअर मुलीचा नंबर आणला आहे. तिच्याशी बोलायला दादी स्वतःच बसणार आहेत.