कापलेलं कार्ड

क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं की ते बंद होतं का? व्हायवाला हा प्रश्न आला असता तर मी छातीठोकपणे "हो सर" म्हटलं असतं आणि केटी घेऊन बाहेर आलो असतो. आमच्या घरी ही केटी बाबांना लागली. सुटायला सत्तेचाळीस दिवस गेले. मी आज तिसऱ्या वर्षाला तुमच्याबरोबर मेसच्या रांगेत उभा असतो, ते त्या सत्तेचाळीस दिवसांनंतरही माझी सीट राहिली म्हणून.

आमचं गाव मासवण. पालघरहून मनोर रस्त्याने वाघोबा खिंड उतरलं की पुढे लागतं, सूर्या नदीच्या काठचं. बाबा बोईसरला तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. 2007 साली मी दोन वर्षांचा होतो. तेव्हा शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर टाय लावलेली पोरं उभी असायची. हातात फॉर्म, खांद्याला बॅग, तोंडात एकच वाक्य, "साहेब, फ्री आहे, फक्त सही करा." ऑईलने माखलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटल्यावर तो सही करणारच! बाबांनी केली. महिन्याभरात कार्ड घरी आलं. फ्री होतं ते पहिल्या वर्षापुरतं, हे मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं.

आजीला हा प्रकार अजिबात पटला नव्हता. तिचं माहेर डहाणूकडचं. तिच्या आधीच्या पिढीने या भागात लग्नगडी पाहिलेले. म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या शेतावर राबायचं, आणि ते फिटायचे नाहीतच. 1945 मध्ये वारल्यांचा उठाव झाला तो याच वेठीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं आलेलं आहे, आपल्या लायब्ररीत नसेल तर मागवायला सांगा. तर आजीचं म्हणणं एवढंच, "ज्याचं घेतलंस त्याचं देऊन टाक नि कागद फाडून टाक."

बाबांनी तेच केलं. कार्डावर फ्रीज घेतला, बहिणीच्या वेळी दवाखान्याचं बिल भरलं, हप्त्याहप्त्याने सगळं फेडलं आणि 2011 मध्ये शेवटचा पैसा भरून आईच्या शिवणकामाच्या कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. तुकडे चुलीत. विषय संपला!

विषय संपला नव्हता. बँकेच्या दृष्टीने कार्ड जिवंत होतं. प्लास्टिक गेलं तरी खातं उघडंच राहतं. त्या खात्यावर वार्षिक फी पडली, ती भरली नाही म्हणून लेट फी पडली, लेट फीवर व्याज आणि व्याजावर कर. बिलं जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर जात राहिली. बाबांचा मोबाईल नंबरही मधल्या काळात बदललेला. एक रुपयाही खर्च न करता माणूस थकबाकीदार कसा होतो याचं हे सॉल्व्ड एक्झाम्पल.

हे आम्हाला कळलं 2023 च्या ऑगस्टमध्ये. कॅप राऊंडला मला इथली सीट लागली. फी, हॉस्टेल, मेस धरून हिशोब घरच्या ताकदीबाहेर गेला म्हणून शैक्षणिक कर्जाला अर्ज केला. चार लाखांच्या आतल्या कर्जाला सहसा तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. बाबा सहकर्जदार. बँकेतल्या मॅडमनी संगणकाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचा सिबिल सहाशे अकरा आहे. एक जुनं कार्ड राइट ऑफ दाखवतंय. आधी हे मिटवा, मग बघू."

बाबा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी आयुष्यात त्यांना कुणाचे पाच रुपये बुडवताना पाहिलेलं नाही. मासवणच्या वाण्याच्या वहीत आमचं पान दर महिन्याच्या सात तारखेला कोरं होतं. बसमध्ये मनोर रस्त्यावर ते एकच वाक्य बोलले, "खाल्लं नाही ते का भरू?" मी काय उत्तर देणार!

(कुणी म्हणेल, शैक्षणिक कर्जाला सिबिल कशाला बघतात? बरोबर आहे. 2023 मध्येच केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की केवळ विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. पण ॲडमिशनची तारीख चार दिवसांवर आलेली असताना कोर्टाचा दाखला घेऊन काउंटरवर भांडायची हिंमत आमच्याकडे नव्हती.)

मग मी वाचायला बसलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या लेक्चरच्या आधीच माझा एक विषय सुरू झाला होता. सिबिल ही कंपनी 2000 साली सुरू झाली. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. पण आपण चौघींनाही सिबिलच म्हणतो, जसं कुठल्याही कंपनीच्या फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. 2017 पासून या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बाबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर ही बाब आम्हाला सहा वर्षं आधीच कळली असती.

बँकेने दोन रस्ते सांगितले. व्याजावर व्याज चढून आकडा एकतीस हजारांवर गेला होता. "बारा हजार भरा, सेटल करून टाकतो," फोनवरचा माणूस म्हणाला. आम्ही खूश! पण रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे दोन वेगळे शेरे असतात. सेटल्ड म्हणजे याने पूर्ण दिले नाहीत, आम्ही कमीवर भागवलं. पुढच्या प्रत्येक बँकेला तो शेरा दिसतो. म्हणजे केटी सुटली पण मार्कशीटवर तारांकित राहिली, तसं.

म्हणून बाबांनी लेखी तक्रार केली. मी मजकूर लिहायचो, ते सही करायचे. तीन पत्रं गेली. मुद्दा एकच, 2011 नंतर या कार्डावर एकही खरेदी नाही, तुमच्याच स्टेटमेंटमध्ये बघा. तिसऱ्या पत्रानंतर बँकेने लेट फी आणि व्याज चुकीचं म्हणून उलटवलं, थोडी वार्षिक फी उरली ती आम्ही भरली आणि शेरा 'क्लोज्ड' झाला. सत्तेचाळीस दिवस! तोपर्यंत पहिल्या वर्षाची फी आईच्या भिशीतून आणि काकांच्या उसनवारीतून भरली होती. आईने त्या भिशीतून घरावरचे पत्रे बदलायचे ठरवले होते. ते तिने एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. पत्रे मात्र पुढच्या पावसाच्या तोंडावर बाबांच्या दुसऱ्या कार्डावर घ्यावे लागले.

हो, दुसरं कार्ड. इथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. बाबांकडे आणखी दोन कार्डं होती. एक 2010 चं, पगाराच्या खात्यावर मिळालेलं, मर्यादा साठ हजार, जवळपास न वापरलेलं. दुसरं 2019 चं, मर्यादा चाळीस हजार, घरखर्चाचं, आणि पत्र्यांचे अठरा हजार त्यावर. आधीच्या प्रकरणाने हात पोळलेले बाबा 2024 च्या मे महिन्यात कात्री घेऊनच बसले. "दोन्ही बंद. ते जुनं आधी. वापरत नाही तर ठेवायचं कशाला?"

मी सुट्टीत घरी होतो. म्हटलं, "बाबा, तुम्ही पाच मिनिटं थांबा." आणि वहीच्या मागच्या पानावर अपूर्णांक लिहून दाखवला. स्कोअर काढताना एक गोष्ट अशी बघतात की एकूण मर्यादेपैकी किती उचल केली आहे. अंश अठरा हजार, छेद एक लाख, म्हणजे अठरा टक्के. जुनं कार्ड बंद केलं की अंश तोच, छेद चाळीस हजार. झाले पंचेचाळीस टक्के. साधारण तीस टक्क्यांच्या आत असावं असं सगळे सांगतात. एक रुपयाही जास्त खर्च न करता माणूस जास्त कर्जात दिसायला लागतो. आणि दुसऱ्या वर्षासाठी कर्जाचा अर्ज आम्ही पंधरा दिवसांत पुन्हा करणार होतो.

बाबा फिटर आहेत, त्यांना लगेच कळलं. "म्हणजे पाइप बारीक केला की तेवढ्याच पाण्याला प्रेशर वाढतं तसं," ते म्हणाले. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी यावर आक्षेप घ्यावा, मी घेतला नाही.

पण यातच दुसरी बाजूही आहे. अंश शून्य असेल तर छेद कितीही असो, उत्तर शून्यच. म्हणजे उधारी काहीच नसताना एखादं कार्ड बंद केलं तर या बाबतीत काही बिघडत नाही. आणि बिघडलं तरी ते कायमचं नसतं. पैसे भरले, नवा आकडा कळवला गेला की प्रमाण सुधारतं. 2025 च्या जानेवारीपासून बँकांना ही माहिती पंधरा दिवसांनी कळवणं बंधनकारक झालं, त्यापूर्वी महिना जायचा.

लोक दुसरी भीती घालतात ती वयाची. जुनं कार्ड बंद केलं की तुमचा सगळा इतिहास पुसला जातो म्हणे! तसं होत नाही. बंद झालेलं खातंही रिपोर्टमध्ये राहतं, या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावीच लागते. अमेरिकेतल्या फायको स्कोअरमध्ये चांगलं चाललेलं बंद खातं दहा वर्षांपर्यंत मोजलं जातं. बाबांच्या कापलेल्या कार्डाने एक दशकानंतर गळा धरला, तो इतिहास इतका चिवट असतो म्हणूनच ना! फरक पडतो तो खूप वर्षांनी, जेव्हा ते खातं रिपोर्टमधून गळतं आणि मागे फक्त नवी खाती उरतात. स्कोअरचं नेमकं सूत्र कुठल्याच कंपनीने फळ्यावर लिहून दिलेलं नाही, पण वेळेवर पैसे भरणं यात सर्वात वजनदार आहे हे त्या स्वतःच सांगतात. कार्डाचं वय त्याच्यापुढे चिल्लर.

तर आम्ही काय केलं? मे महिन्यात काहीच नाही. पत्र्यांचे पैसे बाबांच्या ओव्हरटाइममधून जुलैपर्यंत फेडले. कर्ज मंजूर झालं, तीन लाख वीस हजार. मॅडमनी या वेळी बाबांना चहा मागवला. त्यानंतरच, सप्टेंबरमध्ये, एक कार्ड बंद केलं, आणि तेही जुनं नाही, नवं. कारण त्याला दरवर्षी फी होती आणि जुन्याला नव्हती. एवढा साधा हिशोब. जुन्याला फी असती आणि नव्याला नसती तर मी जुनंच बंद करायला सांगितलं असतं, दहा गुण गेले तर गेले. न वापरलेल्या कार्डासाठी दरवर्षी पाचशे रुपये भरून स्कोअर सांभाळणं म्हणजे मेस बंद असताना मेसचं बिल भरणं.

या वेळी कात्रीला हात लावायच्या आधी पाकिटातली शिल्लक शून्य केली, बिलातून आपोआप जाणारा विजेचा हप्ता दुसरीकडे वळवला आणि बंद करण्याचा अर्ज लेखी दिला. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे थकबाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला पाचशे रुपये द्यायचे. बाबा कॅलेंडरवर दिवस मोजत होते. मला वाटतं त्यांना आठवा दिवस उजाडलेला हवा होता! पण पाचव्याच दिवशी मेसेज आला. मग बंद झाल्याचं पत्र मागून घेतलं. आमच्या घरी ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. आणि स्कोअर? सातशे बावन्नचा सातशे सेहेचाळीस झाला, दोन-तीन महिन्यांनी सातशे अठ्ठावन्न. एवढ्यासाठी लोक रात्र रात्र जागतात.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या हॉस्टेलची दुसऱ्या मजल्यावरची विंग. प्लेसमेंट झालेल्या सीनियर्सना आता कार्डवाल्यांचे फोन यायला लागलेत. गेटवर टायवाला उभा राहत नाही, मोबाईलवर येतो, एवढाच बदल. माझ्या रूम पार्टनरने मागच्या सेमला 'आता घ्या, नंतर द्या' वर हेडफोन घेतला आणि साडेतीनशे रुपयांचा शेवटचा हप्ता विसरला. अशी बरीच उधारी ही कर्ज म्हणूनच नोंदली जाते हे त्याला माहीत नव्हतं. त्याच रात्री आम्ही त्याचा रिपोर्ट काढला. विंगमध्ये मग रांगच लागली. अर्ध्या पोरांचा स्कोअर नव्हताच, कारण कुठलंच कर्ज नव्हतं. एकजण तेवढ्यावर नापास झाल्यासारखा खट्टू झाला, त्याची समजूत घालायला चहा लागला.

बाबांचं 2010 चं कार्ड चालू आहे. वर्षभर अजिबात वापरलं नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते, आणि तीस दिवसांत उत्तर दिलं नाही की करतेच. म्हणून बाबा दोन महिन्यांतून एकदा त्यावर मनोर रस्त्याच्या पंपावर दोनशे रुपयांचं पेट्रोल भरतात. भरण्याची तारीख कालनिर्णयवर लाल पेनने गोल केलेली असते. आजी अजून विचारते, "फाडलंस का तो कागद?" बाबा म्हणतात, "फाडायचाय, पोराचं कर्ज फिटलं की."

काल रात्री सबमिशन लिहीत होतो तेव्हा बाबांचा मेसेज आला. त्यांना टाइप करायचा कंटाळा. एकच शब्द होता, "भरले."