बंदराच्या आधीचं वाढवण

ऑफिसात मी दिवसभर न्हावा-शेवाच्या कंटेनरचे नंबर टाइप करते. समुद्र दिसतो तो फक्त डेस्कटॉपवर! म्हणून परवाच्या रविवारी सकाळची डहाणू लोकल पकडली, वाणगावला उतरले आणि रिक्षाने थेट वाढवण गाठलं.

इथे मॉल नाही, शॅक नाही. ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा, दोरीवर वाळणारे बोंबील आणि मस्त वारा. पण याच समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून ७६,२०० कोटींचं बंदर उभारायचं आहे. ३० ऑगस्ट २०२४ला त्याचं भूमिपूजन झालं. वाढवणच का? अवाढव्य कंटेनर जहाजांना खोल पाणी लागतं. न्हावा-शेवाला त्यासाठी सतत गाळ उपसावा लागतो. इथे मात्र समुद्रच २० मीटरच्या आसपास खोल. माझ्यातली ऑफिसवाली एकदम खूश!

मग बोंबील काढणाऱ्या एका मावशींना विचारलं, “बंदर आलं की नोकऱ्याही येतील ना?”

त्या हसल्या. “येतील की. पोराला लागेलही एखादी. पण मी या वयात मासळी सोडून काय करू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निर्यात वाढायला हवी, हे मला पगारापुरतं तरी कळतं. पण मच्छीमार इतकी वर्षं विरोध का करताहेत, ते त्या दोरीखाली उभं राहून कळलं.

तुम्हीही जाऊन या. ओहोटीची वेळ बघून निघा. आणि हो, बोंबील घेतलेत तर प्लीज, घासाघीस करू नका!