जास्तीचा नर

११ जानेवारी
शेततळ्यावर सकाळी पुन्हा जुंपली. थोरल्याने मधल्याची मानगूट चोचीत धरली आणि पंखाच्या वळणावर जे कठीण हाड असतं त्याने दणादण रट्टे दिले. पाराजवळचा गडी काठी घेऊन धावला तेव्हा कुठे सुटले. धाकटा नर बांधावर उभा राहून हरळी कुरतडत होता, जणू त्याचा काही संबंधच नाही.

तीन नर, सात माद्या. चिनी राजहंसांत एका नरामागे चार ते सहा माद्या चालतात; तुलूझ, एम्डेनसारख्या अंगाने भारी जातींत तीन-चारच. म्हणजे सातजणींना दोन नर पुष्कळ झाले.

१३ जानेवारी
भोगीला मामा एक दिवस आधीच आले. तळ्यावर नेलं तर म्हणाले, "अरे, सगळी एकाच साच्यातली. नर कुठला, मादी कुठली, कळतं कसं तुला?"

चोचीच्या मुळाशी मोठं टेंगूळ, मान जाड, चाल ताठ तो नर. पण कोवळ्या नराचं टेंगूळ लहान असतं आणि जुन्या मादीचं चांगलं वाढलेलं, त्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मी आवाज ऐकतो. नराचा वरच्या पट्टीतला, चिरका. मादीचा घोगरा, खालचा. तरीही शंका राहिली तर पक्षी मांडीवर उताणा घेऊन शेपटीखालचं द्वार हलक्या हाताने उघडून पाहायचं. कोंबड्यात असं काही दिसत नाही, पण राजहंसाच्या नराला लिंग असतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात मागे बांधूनच ठेवले.

पिलग्रिम नावाच्या जातीत ही कटकट नाही म्हणे: मोठेपणी नर पांढरा, मादी राखाडी. आमच्या नशिबी पांढरे ते सगळे पांढरेच.

१९ जानेवारी
रात्री खुडूक कोंबड्यांखालची अंडी तपासली. राजहंसाची चार-पाच अंडी खाली घेतली की खुडूक कोंबडीची जागा संपते आणि एवढं जड अंडं तिला नीट उलटवताही येत नाही. ते काम आपणच रोज हाताने करायचं. पुठ्ठ्याला भोक पाडून मागून मोबाइलचा उजेड. आठ-दहा दिवस ऊब मिळालेल्या अंड्यात लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसायला हवं. कडब्याच्या बाजूच्या घरट्यातल्या अंड्यांत ते स्वच्छ दिसलं, मधला काळा ठिपका हललासुद्धा. पत्र्याखालच्या घरट्यातली मात्र सगळी फोल, आरपार पिवळा उजेड.

पत्र्याखाली ज्या दोघी घालतात त्यांच्याकडे थोरला ढुंकून पाहत नाही. त्याची मर्जी एकीवर, फार तर आणखी दोघींवर. मात्र तळं सगळं त्याचं. राजहंसांचा जोडा जमतो तो बहुधा पाण्यात, आणि मधला पाण्यात उतरला रे उतरला की हा पलीकडच्या काठावरून सुटतो. थोरला त्या दोघींकडे जात नाही, मधल्याला तो जाऊ देत नाही. कागदावर माणशी साडेतीन माद्या आल्या म्हणून अंडी भरत नाहीत. डोकी मोजण्यापेक्षा संध्याकाळी कोण कोणाशेजारी बसतं ते पाहावं.

२२ जानेवारी
कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्याला १९७३ साली नोबेल मिळालं, कलहंसांत नरानराच्या जोड्या पाहिल्या होत्या. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, कळपात दबदबा असलेल्या. कधी एखादी मादी अशा जोडीच्या मागे लागून हळूहळू तिसरी होऊन राहते. आमचे चिनी हंस वेगळ्या रानहंसापासून आलेले, तरी धाकट्याची आणि गेल्या हंगामातल्या त्या तरण्या नराची (त्याला मी अजून हिशेबात धरलेलं नाही) रात्रंदिवस सोबत पाहिली की जास्तीचा नर म्हणजे एकटा, रुसलेला नर, हे काही पटत नाही.

२७ जानेवारी
मणेराजुरीकडचे एक बागायतदार आले. माल उतरेपर्यंत बागेला राखण हवी. "जोडीच द्या, एकटं नको," म्हणाले. स्वच्छ सांगितलं, दोन्ही नर आहेत, अंड्यांची आशा धरू नका. ते म्हणाले, "अंडी कुणाला हवीत? रात्री माणूस आला की ओरडायला पाहिजे." धाकटा आणि तरणा, दोघं एकाच डालग्यातून गेले. वहिनींना आवडलं नाही. तरण्याला त्यांनी हाताने भरड चारली होती.

२ फेब्रुवारी
तळ्याच्या मधोमध शेडनेट ओढली. तळ्याच्या प्लास्टिक कागदाला भोक पडू नये म्हणून काठावर वाळूच्या पिशव्या. पलीकडे मधला, पत्र्याखालच्या दोघी आणि आणखी एक. नुसती तार लावली असती तर दोघं तारेवरूनच दिवसभर फिसफिसत बसले असते. एकमेकांचं तोंड दिसता कामा नये.

या हंगामात फार काही होईल असं नाही. नवं कुटुंब जमायला निदान महिना लागतो, म्हणून वाटणी खरं तर माद्या घालू लागायच्या आधीच करायची. मधल्याने आज दुपारी त्यातल्या एकीपुढे मान पाण्यात बुडवून वर काढली, तीनदा-चारदा. तिने पाहिलं न पाहिलंसं केलं.

८ फेब्रुवारी
कडब्याकडची पिल्लं निघाली. पाच. दोन नर निश्चित, एकाबद्दल उद्या पुन्हा पाहतो. पिल्लांत निम्मे नर निघणारच, तेव्हा मणेराजुरीचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. ओळखीसाठी नरांच्या पायात निळी पट्टी.