वाइन, पेंग्विन आणि माझा भाचा

नोव्हेंबर 2024 मधली गोष्ट. नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत बसले होते आणि आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा आवाज एरवी वरच्या पट्टीत असतो, त्या दिवशी खाली आला होता. "तू बी.एड. केलंयस. दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावतेस. आता जरा तुझ्या भाच्यालाही समजाव. डिप्लोम्याचं दुसरं वर्ष दोनदा झालं. रात्रभर त्या डब्यासमोर बसतो. कानाला हेडफोन, एकटाच हसतो, एकटाच ओरडतो. शेजारी विचारतात, मी काय सांगू?" (आम्ही घरात दखनी बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे.)

रविवारी, 17 तारखेला, मी आपाकडे गेले. रिक्षातून जाताना मनात भाषण तयार केलं होतं. त्यात वडिलांचे कष्ट होते, वेळेचं मोल होतं, दोन उदाहरणंही होती. दुल्हाभाई सोलापुरी चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, दोन पाळ्यांत काम करतात. म्हणजे भाषणाला आधार भक्कम होता.

भाच्याच्या खोलीत गेले तर पडद्यावर गेम नव्हताच. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर चाललेल्या. मी विचारलं, "हा कुठला खेळ?"

"खाला, ये गेम नहीं. आर्च है."

मी भाषण सुरू करायच्या ऐवजी "आर्च म्हणजे काय?" असं विचारलं, आणि चूक झाली ती तिथेच.

त्याने सांगितलं ते असं. 1991 साली हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या आतला गाभा लिहिला आणि जगासाठी खुला करून टाकला. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याभोवती ज्याने त्याने आपापल्या मनाजोगा संसार उभा केला. त्या एकेका संसाराला म्हणायचं डिस्ट्रो. डेबियन 1993 चं. उबंटू 2004 चं, त्याच्या सीड्या एकेकाळी मागणाऱ्याला टपालाने फुकट घरपोच येत. आर्च 2002 चं. ते वापरणारा माणूस तुम्ही न विचारताच सांगतो की मी आर्च वापरतो, अशी त्या मंडळींवर जगभर थट्टा चालते. (माझ्या भाच्याने ते मला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, हे लक्षात घ्यावं.)

"पण गाभा एकच, तर इतके प्रकार कशाला?"

"अब्बूंच्या कारखान्यात सूत एकच असतं ना? मग चादरी वेगवेगळ्या का?"

उत्तर चोख होतं. त्यावर तो म्हणाला की अब्बूंच्या जॅकार्ड मागावर छिद्रांची पुठ्ठ्याची कार्डं लागतात, कुठला धागा वर जाईल ते ती ठरवतात, आणि संगणकाचे पूर्वजही अशाच छिद्रांच्या कार्डांवर चालत. बॅबेजने ती कल्पना मागावरूनच उचलली होती. हे मला माहीत नव्हतं. मी पंधरा वर्षं दुल्हाभाईंच्या हातची चादर पांघरते आहे.

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. "खाला, आजची रात्र शेवटची! हाफ लाइफ टू फुकट आहे." 2004 च्या त्या खेळाला वीस वर्षं झाली म्हणून व्हॉल्व कंपनीने तो काही दिवस फुकट ठेवला होता. आपा चहा घेऊन आली तेव्हा मी माझ्या नावाने स्टीमचं खातं उघडत होते.

"समजावलंस?" आपाने विचारलं.

"सुरुवात केलीय," मी म्हणाले. खोटं नव्हतं अगदीच.

त्यानंतर वर्षभर आमचे फोन चालले. विषय दोनच, डिस्ट्रो आणि गेमच्या बातम्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि मग त्याचीच टर उडवायला लागला. "मिंट म्हणजे म्हाताऱ्यांची डिस्ट्रो, खाला." मी म्हणायचे, "माझी डिस्ट्रो सकाळी उठल्यावर चालू असते. तुझी काल अपडेट केल्यावर उठली का?" कधी कधी खरंच उठलेली नसायची. मग तो दोन तास ती दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बढाई मारायचा. वर्गात मी मुलांना सांगते की चूक कुठे झाली ते शोधा, नुसतं खोडू नका. चाळीस मुलांत दोघं ऐकतात. हा पोरगा रात्री दोनला तेच करत होता, आणि आम्ही त्याला वाया गेलेला म्हणत होतो.

एकदा मात्र फजिती झाली. विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं एक साधन आहे, त्याचं नाव वाइन. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या शब्दांच्या आद्याक्षरांचं ते नाव. व्हॉल्वने 2018 मध्ये आणलेलं प्रोटॉन याच वाइनवर उभं आहे, म्हणून आज हजारो गेम लिनक्सवर चालतात. हे सगळं मला ठाऊक. अम्मींना कुठून असणार? मी फोनवर म्हणत होते, "अरे, वाइनशिवाय चालतच नाही का? थोडी जुनी वाइन टाकून बघू का?" अम्मींच्या हातातली तस्बीह थांबली. त्या रात्री अम्मींना समजावायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आख्खं मिंट बसलं असतं.

आता शाळेचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथली आहे. आमच्या शाळेच्या संगणक खोलीत नऊ यंत्रं. चार जीबी रॅमची, इंटेलच्या चौथ्या पिढीची. विंडोज टेनला कंपनीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम चिप लागते, ती आमच्याकडे नाही. नऊ नवे संगणक घ्यायला पैसे कुठले? हेडमास्टर साहेब म्हणाले, "जैसा चल रहा है चलने दो."

जसं चाललं होतं ते कसं होतं? विंडोज चोरीचं. उर्दू टायपिंगसाठी इनपेज, तेही कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून उतरवलेलं. उर्दू छपाईच्या जगात 1994 पासून इनपेजचं राज्य, आणि ते उगाच नाही. नस्तालीक लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं आणि शब्द तिरका खाली उतरत येतो. ते यंत्रावर बसवायला मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहिल्या, तेव्हा 1981 मध्ये नूरी नस्तालीक छापायला मिळालं. एवढ्या मेहनतीची वस्तू, आणि आमची नक्कल मात्र फुकटची. सहामाहीच्या आदल्या रात्री अशाच एका पेन ड्राइव्हमधल्या वायरसने माझ्या तीन प्रश्नपत्रिका खाल्ल्या. मी पहाटेपर्यंत हाताने लिहून झेरॉक्स काढल्या.

भाच्याला हे रडगाणं ऐकवलं, तर त्याने विचारलं, "पेपरात निबंध कोणता होता?"

"दयानतदारी."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो तीन दिवस शाळेत आला. एक पेन ड्राइव्ह, नऊ यंत्रं. मिंटच टाकलं, आर्चचं नावही काढलं नाही. लिबरऑफिस आणि नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट बसवला. पहिली प्रश्नपत्रिका काढली तर दोन पानांचा पेपर चार पानांवर गेला, कारण या फॉन्टच्या ओळींमध्ये जागा फार सुटते. हेडमास्टर साहेब कागदाचा खर्च मोजू लागले. त्याने ओळींमधलं अंतर आवळून पाहिलं, तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर चढले. तीन वेळा मोजून-मापून अखेर तीन पानांत बसवलं. जुन्या इनपेजच्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्या थेट उघडत नाहीत. त्यासाठी एक यंत्र जुन्यासारखंच ठेवलंय, नेट काढून. आमची दयानतदारी सध्या नऊपैकी आठ आहे.

त्या तीन दिवसांत तो मित्रांबरोबर खेळला नाही. त्याच्या टोळीचा आवडता गेम व्हॅलोरंट. त्याची पहारेकरी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यापर्यंत उतरते, म्हणून तो लिनक्सवर चालतच नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, तोही 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस लिनक्सवाल्यांसाठी बंद झाला. कंपनीचं म्हणणं, लिनक्समधून लबाडी जास्त होते. भाच्याला हे फार लागलं होतं. "खाला, लबाडी दोघं-चौघं करणार, आणि दार सगळ्यांना बंद." मी यावर काही बोलले नाही. आपल्याला हे वाक्य नवं नाही. स्टीमच्या पाहणीत 2025 च्या ऑक्टोबरात लिनक्सवर खेळणारे पहिल्यांदाच तीन टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा त्याने अशा आवाजात फोन केला जसा काही तोच निवडून आला होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपाचा फोन आला. हिवाळी परीक्षा तोंडावर होती, दोन विषय अडलेले होते. "मी तुला त्याला समजवायला पाठवलं होतं. आता तूही त्याच्यासारखीच बोलायला लागलीस. शाळेत तीन दिवस राबवलंस, अभ्यास कोण करणार?" तिचं बरोबर होतं. मी गप्प राहिले. मग हळूच म्हणाले की त्याचा एक अडलेला विषय ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे, त्यात या वेळी तो अडकणार नाही. गणिताचं मी सांगू शकत नाही.

मागून भाच्याचा आवाज आला. "खाला, खबर सुनी क्या? जीटीए सिक्स फिर आगे गया! 19 नोव्हेंबर 2026!"

"अच्छा हुआ," मी म्हणाले. "तोपर्यंत गणिताचे दोन पेपर होतील."

"और पीसी पर तो उस दिन भी नहीं आएगा, सिर्फ कन्सोल."

"मग तीन होतील."

आपाने फोन ठेवला नाही. तिने विचारलं, "हा जीटीए म्हणजे कुठली परीक्षा?"