फुलाचा कांदा

हिवाळ्यात कंद लावून फुलं काढणारी माणसं वऱ्हाडात बघायची असतील, तर वावरात यावं लागतं. आमच्या अकोटच्या शिवारात दिवाळी उलटली की काही कास्तकार उन्हाळ्यापासून जपलेले कांदे पुन्हा मातीत घालतात. नवखा मजूर पहिल्या दिवशी हटकून विचारतो, "खायाचा कांदा मातीत कायले घालता भाऊ?" कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं. पहिल्यात तो गड्डा भरतो, दुसऱ्यात फुलतो. आपण त्याला अर्ध्या वाटेवरच उपटून खातो. मी त्याला उरलेली वाट चालू देतो, कारण पुढच्या पिकाचं बी त्या फुलात असतं.

या कामातली खरी कसोटी निवडीची. ती निम्मी पावसाळाच करतो. चैत्रात काढलेला कांदा चाळीत सहा-सात महिने काढतो. त्यात काही सडतात, काही कोंब टाकतात, आणि जे टणक उरतात ते टिकाऊपणाची परीक्षा देऊनच माझ्या हातात येतात. पुढची निवड मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. बारीक मानेचा, एकसारख्या रंगाचा, मध्यम आकाराचा कांदा घ्यायचा. जोडकांदा बाजूला. पहिल्याच हंगामात ज्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला होता, तो तर कितीही देखणा असो, बाजूलाच. त्याच्या बियांतून तीच घाई पुढच्या पिकात उतरते आणि बी घेणाऱ्याचं वावर गड्डा भरायच्या आधीच फुलून जातं. मग वरचा एक तृतीयांश भाग विळ्यानं कापायचा. कापलेल्या तोंडाशी आतले डोळे दिसतात. एक डोळा मधोमध असला की मला बरं वाटतं. चार डोळे चार दिशांना पांगलेले दिसले की तो कांदा स्वयंपाकघरात जातो. दिवसभर डोळ्यांतून पाणी वाहतं, पण हे काम घाईनं उरकता येत नाही. हेक्टरी २५-३० क्विंटल कांदा लागतो, आणि त्यातला प्रत्येक हाताखालून जावा लागतो.

कापलेले कांदे बुरशीनाशकात बुडवून, सुकवून सरीवर लावायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओल्या काळ्या मातीत लावले तर कापलेल्या तोंडातून सड शिरते. म्हणून सोयाबीन निघाल्यावर मी नोव्हेंबरच्या मध्याची वाट बघतो. काही जण मार्गशीर्ष संपेपर्यंत लावतात. पौषात मात्र फार उशीर होतो. फुलाचा निरोप कांद्याला थंडीच देते. काही आठवडे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर राहिला की गड्ड्याच्या आत, वरून काहीच दिसत नसताना, पानांऐवजी फुलाचा दांडा घडू लागतो. श्रीनगरच्या डल सरोवराकाठच्या ट्यूलिप बागेतले कंदही थंडीआधी लावतात, ते याच गरजेपोटी. तिथं बर्फ पडतो, आमच्याकडे सातपुड्यावरून उतरणारा वारा, गरज एकच.

जमिनीबद्दल मी हट्टी आहे. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, आणि कांद्याला खारं पाणी सोसत नाही. नरनाळ्याकडच्या, डोंगरपायथ्याच्या गोड्या विहिरीवरचं वावर मिळालं तरच मी हे पीक घेतो. दुसरा हट्ट शेजाऱ्यांचा. लावणीआधी मी चारी धुऱ्यांवर जाऊन विचारतो, कोणी बियांचा कांदा लावतंय का, आणि कोणता? पायाभूत बियाण्याला दोन वाणांत किमान एक किलोमीटर अंतर हवं. माझ्याकडे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा 'अकोला सफेद' असेल आणि पलीकडे लाल फुलत असेल, तर मधमाशी धुरा ओळखत नाही.

तिच्यावाचून तर काहीच होत नाही. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं, आणि प्रत्येक फुलाचे पराग त्याची स्वतःची मादी तयार होण्याआधीच झडतात. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातून यावे लागतात, तेही कोणीतरी आणून दिले तरच. म्हणून मी धुऱ्याला धणे पेरतो, त्यांच्या फुलांवर मधमाश्या आधीच यायला लागतात. फुलकिड्यांची फवारणी गोंडे उमलण्याआधी आटोपतो. भर फुलोऱ्यात पंप घेऊन उभा राहणारा माणूस पाहिला की माझा जीव कळवळतो. आपलंच बी तो आपल्या हातानं मारत असतो.

फेब्रुवारीत डेंगळे कमरेला लागतात, पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलतात, आणि रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून विचारतात की हे कसलं फूल. मार्चअखेर गोंडे काळे बी दाखवू लागतात, पण सगळे एकाच वेळी नाही. पहाटेच्या दवात दोन-तीन वेचण्या करायच्या. ऊन चढलं की बोंडं फुटून बी मातीत सांडतं. मग सावलीत वाळवणं, मळणी, उफणणी, आणि पाण्यात टाकून हलकं बी काढणं. साध्या साठवणुकीत कांद्याचं बी वर्षभरानंतर झपाट्यानं उगवण गमावतं, म्हणून मागच्या सालचं उरलेलं बी नव्यात मिसळायचं नाही. पिशवी नेणारा कास्तकार ते बघून ओळखू शकत नाही. त्याला कळतं ते वाफ्यात पेरलेलं बी उगवत नाही तेव्हाच.