फोटोतली मुलगी

गेल्या वर्षी कन्येकडे न्यू जर्सीला तीन महिने राहण्याचा योग आला. मुले कामावर, नातवंडे शाळेत. दुपारी सोबत दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांची. आपल्या सासू-सुनांच्या मालिकांची ही थोरली भावंडे. १९३० च्या दशकात साबणाच्या कंपन्यांनी गृहिणींसाठी रेडिओवर अशा मालिका प्रायोजित केल्या. म्हणून त्यांना नाव पडले ‘सोप ऑपेरा’. मुळात हा दुकानदारीचाच विस्तार.

पेढीवर वाढलेल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो: साबण तर कृष्णवर्णीय घरांतही खपत होता, मग ही गिऱ्हाइके पडद्यावर का दिसत नव्हती? कन्येने वाचनालयातून एलेन हॉली या अभिनेत्रीचे १९९६ सालचे आत्मचरित्र आणून दिले आणि उत्तराचा एक धागा हाती आला.

हॉली कृष्णवर्णीय, परंतु रंग उजळ. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या भूमिकांसाठी ‘पुरेशा काळ्या’ नाहीत आणि गोऱ्यांच्या भूमिका तर मिळणारच नाहीत, अशी कोंडी. हे दुःख त्यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले. ते वाचून ॲग्नेस निक्सन या लेखिकेने त्यांना ‘वन लाइफ टू लिव्ह’ या नव्या मालिकेत घेतले. भूमिका कार्लाची. प्रेक्षक तिला गोरी समजत होते. तिची एका कृष्णवर्णीय डॉक्टरांशी जवळीक दिसताच अनेकांनी संताप व्यक्त केला. पुढे उलगडा झाला, की रुग्णालयात साफसफाईचे काम पाहणाऱ्या कृष्णवर्णीय सेडीचीच ती मुलगी. गोरी म्हणून जगता यावे, यासाठी तिने आईशीच नाते तोडले होते.

मालिका गाजली, पण गोऱ्या सहकलाकारांच्या तुलनेत आपणास फार कमी मानधन मिळत असे, असे हॉली यांनी लिहिले आहे. चेहरा पडद्यावर आला, खतावणीत मात्र बरोबरी आली नाही. १९८५ मध्ये त्या मालिकेबाहेर पडल्या आणि पुढे वाचनालयात नोकरी केली. २०२३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

१९८९ मध्ये ‘जनरेशन्स’ ही मालिका आली. तीत पहिल्या भागापासून एक कृष्णवर्णीय कुटुंब मध्यवर्ती होते आणि तेही व्यापारी, आइस्क्रीमच्या दुकानांचे मालक! ती १९९१ च्या जानेवारीत बंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘बियाँड द गेट्स’च्या केंद्रस्थानी एक सधन कृष्णवर्णीय घराणे आहे, तिच्या निर्मितीत प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीचाही वाटा आहे. गिऱ्हाइकाला दुकानाच्या दर्शनी भागी यायला इतकी वर्षे लागली.

कार्लाची कथा वाचून त्या रात्री मला झोप आली नाही. कारण १९८५ चा एक प्रसंग. धाकट्या बहिणीचे स्थळ पाहणे सुरू होते. ती सावळी. घरच्यांच्या सांगण्यावरून मीच तिचा फोटो स्टुडिओत नेला आणि रंग उजळून घेतला. बँकेत खाडाखोड केलेला एकही धनादेश न स्वीकारणारा मी! फोटो हातात घेऊन तिने शांतपणे विचारले, “दादा, ही फोटोतली मुलगी कोण?” मी हसण्यावारी नेले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला अन्याय आणि आमच्या घरातला हा प्रसंग एका तराजूत घालता येणार नाहीत. पण आहे तसा चेहरा दाखवायला नको, ही भावना दोन्हीकडे होती आणि ती पोसणारे हात प्रेमळ माणसांचेही असू शकतात, हे मला उशिरा उमगले.

परतल्यावर बहिणीकडे गेलो आणि चाळीस वर्षांनी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तो फोटो मी तेव्हाच फाडला, दादा. माझ्या नातीचे फोटो मात्र जसे आहेत तसेच लावले आहेत, बघ.”

भिंतीवर तिची सावळी नात खळखळून हसत होती.